मागच्या दारातली पुट्टी

आमचा शेजारी बद्रीनाथ वाळूजच्या एका कारखान्यात मोटारींची दारं तपासतो. प्रेसमधून पत्र्याचं दार निघालं की सुती हातमोजा घालून त्यावर तळवा फिरवायचा, बोटांनी ठोकायचं आणि पास की नापास ते सांगायचं. बावीस वर्षं तो हेच करतोय. बजाजनगरात कुणी जुनी गाडी घ्यायची म्हटलं की आधी बद्रीनाथला बोलावतात. एका चहावर त्याचं भागतं.

त्याची स्वतःची गाडी मात्र नव्हती. तो, गीताबाई आणि मुलगी संस्कृती एका मोटारसायकलवर बसायचे. मुलगी कॉलेजात गेली तसं तेही जमेना. यंदा बाजारातली एक खपाची छोटी गाडी नव्या रूपात आली. तोंडवळा बदलला, डिकी वाढली, मागे पाय पसरायला जागा झाली, आणि सगळ्यात खालच्या मॉडेलची किंमत फारशी हलली नाही. अर्धं वाळूज तिच्या मागे लागलं. खालच्या मॉडेलला गाणी-नकाशे दाखवणारा पडदा नाही, मागच्या काचा हातानं हँडल फिरवून खाली-वर करायच्या. बद्रीनाथचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. पत्रा सगळ्या मॉडेलांना एकच लागतो हे त्याला ठाऊक होतं, कारण त्या गाडीची मागची दारं त्याच्याच हाताखालून जात होती.

त्यानं तेच खालचं मॉडेल बुक केलं आणि दसऱ्याला गाडी आणायचं ठरलं. मीही सोबत गेलो. गीताबाईनं नारळ, कुंकू, झेंडूचा हार सगळं घेतलं होतं. शोरूमच्या पोरींनी गाडीवरचं लाल कापड ओढलं, टाळ्या वाजवल्या. संस्कृती फोटो काढायला लागली. बद्रीनाथ सवयीनं गाडीभोवती फिरला आणि डाव्या मागच्या दारापाशी थांबला. त्यानं तळवा फिरवला, ठोकलं. मग उजवं दार ठोकलं. आवाजातला फरक मलासुद्धा कळला.

दाराला पोचा पडलाय, तो पुट्टीनं भरून वर रंग मारलाय, असं त्यानं मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर आधी म्हणाला, नव्या गाडीत असं होतच नाही. मग म्हणाला, वाहतुकीत जरा लागलं असेल, कुणाला दिसणार आहे? शेवटी सीट कव्हरं फुकट देऊ केली. गीताबाई म्हणाली, सणाच्या दिवशी वाद नको. आणि सांगायला लाज वाटते, मीही म्हणालो की घेऊन टाक.

तेवढ्यात मॅनेजर बोलला, "काका, या बजेटमध्ये एवढं चालवून घ्यावं लागतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही काय धर्माची गाय होती, दात न मोजता न्यायला? बावीस वर्षांच्या घामाची गाडी होती ती! पलीकडे वरच्या मॉडेलवाला बसला होता, त्याला हे वाक्य ऐकवायची या माणसाची छाती होती का?  गीताबाईनं नारळ उचलून पिशवीत ठेवला.

बद्रीनाथनं आवाज चढवला नाही. "साहेब, दार माझ्या हातून पास झालं तवा त्याच्यावर खालचं मॉडेल असं लिवलेलं नव्हतं. दुसरी गाडी द्या."

दुसरी तीन आठवड्यांनी येईल, असं मॅनेजर म्हणाला. बद्रीनाथ कबूल झाला. आम्ही निघालो, पण हा जागचा हलेना.

"आन् ही कुणाला देणार?"

ते तुम्हाला काय करायचंय, मॅनेजर म्हणाला.

"हिच्या कागदावर दार दुरुस्त केलंय म्हणून लिवा. मला ठोकून कळलं. उद्या येईल त्याला कळायचं नाय."

असं लिहिलं तर ती गाडी कोण घेणार? मॅनेजरचा चेहरा बदलला. असला हट्ट करायचा असेल तर तुमचं बुकिंगच रद्द करतो, पैसे परत घ्या, असं त्यानं सरळ सांगितलं. बद्रीनाथनं बायकोकडे पाहिलं.

"करू द्या रद्द," गीताबाई म्हणाली.

मॅनेजरनं खरंच रद्द केलं. संस्कृती तोंड फिरवून रडत होती. शेजारच्या लाल कापडाखालच्या गाडीपाशी सोयगावहून आलेलं एक कुटुंब हे सगळं ऐकत होतं. त्यांच्यातले तात्यासाहेब नावाचे म्हातारे गृहस्थ हळूच पुढे आले.

"भाऊ, आमच्याबी गाडीला जरा हात लावून बघता का?"

मॅनेजर मध्ये येऊन उभा राहिला. बद्रीनाथ त्याला वळसा घालून गेला आणि त्यांच्या गाडीवरचं कापड त्यानं स्वतःच्या हातानं बाजूला केलं.