जिले इचारलं तिनं बोलावं

आमच्या आत्याबाई चिनी मालिका शिव्या घालण्यासाठी पाहायच्या. दुसरं कारण नव्हतं. दुपारची जेवणं आटोपली की त्या ओसरीत पाय पसरून बसायच्या, पुढ्यात सोलायला लसूण नाहीतर फोडायला शेंगा घ्यायच्या, पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवून उभा करायच्या आणि पहिली बाई पडद्यावर आली रे आली की सुरू व्हायच्या, "आली भवानी! आता डोळे खाली घालन अन् उभी राहीन."

आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची सख्खी आत्या. मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर सासरी करमेना, तेव्हा पिशवी उचलून माहेरी देऊळघाटला आल्या आणि आमच्यात राहिल्या. घराला लागून माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या आवाजावर मात करून त्यांचं समालोचन चालायचं. दळण घेऊन आलेल्या बायका पीठ तयार झालं तरी हलायच्या नाहीत. मालिकेत त्यांना रस नव्हता, आत्याबाईंच्या तोंडात होता.

हे खूळ घरात आणलं माझ्या मुलीनं, पल्लवीनं. बुलढाण्याच्या कॉलेजात असताना ती हिंदीत आवाज दिलेल्या चिनी मालिका पाहायची आणि मुसूमुसू रडायची. "एवढं कायचं रडनं आलं, मले तं दाखव," असं म्हणत आत्याबाई शेजारी बसल्या आणि कायमच्या बसल्या. पुढे पल्लवीनं नवा फोन घेतला आणि जुना त्यांना दिला. ती रडायची तिथे त्या भडकायच्या.

मालिकेतली नावं त्यांनी कधी तोंडी घेतली नाहीत. त्यांनी सगळ्यांचं नव्यानं बारसं केलं होतं. सतत रक्त ओकणारा राजपुत्र म्हणजे खोकल्या. पांढराशुभ्र पायघोळ झगा घालून जंगलात तलवार फिरवणारा तो धुण्याचा गठ्ठा. "चिखलात लोळला, घोड्यावरून पडला, चार मानसं मारले, अन् झग्यावर डाग नाही! ह्याचं धुनं करते कोन? तिले दाखवा ना. खरी तं ते हाये." गोड बोलून चहातून विष देणाऱ्या दासीला त्या साखरी म्हणायच्या. प्रत्येक मालिकेत एक साखरी असायची आणि प्रत्येक मालिकेतली राणी तिच्या हातचा चहा प्यायची. "अवं, मागच्या आठवड्यात ह्याच चहानं मरता मरता वाचली ना तू? वास तं घे! आमच्या गोठ्यातली म्हैसबी वास घेतल्याबिगर तोंड लावत नाही."

राजाबद्दल तर बोलायलाच नको. "हा राज्य चालोते कवा? सारा दिवस बायकायचे भांडनं ऐकून राह्यला. शेतसारा कोन पाह्यते, विहिरी कोन खंदते?" एका मालिकेत एक मुलगी पुरुषाचा वेश करून सैन्यात शिरली होती. आवाज मुलीचा, कातडी लोण्यासारखी, आणि सेनापतीला पत्ता नाही. तिच्याच तंबूत बसून तो तिला मनातलं सांगत होता. आत्याबाईंनी शेंगेचं टरफल मोबाइलवर फेकून मारलं. "ह्याले समोरची पोरगी ओळखू येत नाही, हा दुश्मन काय ओळखीन!"

आवाज देणारी माणसं सगळ्या मालिकांत तीच ती असत, हेही त्यांनी लगेच पकडलं. शहरातल्या मालिकेत एका हॉटेलच्या वाढप्याला जुन्या राजाचा आवाज होता. "पाह्यलं? बायकायच्या नादानं राज्य गेलं. आता ताटं उचलून राह्यला."

मला हे पटायचं. मी स्वतः या मालिका दहा मिनिटांच्या वर पाहू शकले नाही. हात धरायला यांना अर्धा तास लागतो आणि सोडायला दुसरा अर्धा. तेवढ्यात माझं पायलीभर दळण होतं.

पण आत्याबाईंचा खरा संताप वेगळ्याच गोष्टीवर होता. त्या वेळी त्या एक मालिका पाहत होत्या. कुंभाराची पोर एका सरदाराच्या घरात सून होऊन गेलेली. घरात एक हार चोरीला जातो. सरदार सुनेला समोर उभी करून विचारतो, तू घेतलास का? ती डोळे खाली घालते. सावत्र सासू उत्तर देते, हो, हिनंच घेतला. ती तरी गप्पच. मग तिला थंडीत अंगणात गुडघ्यावर बसवतात, तिथे बर्फ पडतो, संगीत वाजतं, पल्लवी नाक पुसते.

"बोल ना व माय!" आत्याबाई ओरडल्या. लसणाची पाकळी हातातून उडाली. "जिले इचारलं तिनं बोलावं! नाही घेतला म्हना लागते. दोन तं शब्द हायेत. आता ह्या दोन शब्दायसाठी चाळीस भाग रडत बसन, अन् ह्या पोरीलेबी रडवन."

"आत्या, तिला बोलू देत नाहीत गं," पल्लवी म्हणाली.

"मंग तो इचारनारा काय झोपला हाये? ज्याले इचारलं त्याच्याकडं पाहावं. तिसरं कोनी बोललं तं म्हनावं, तू गप. इचारनाराबी चोर हाये."

हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं की गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजासारखं ते कानाला जाणवेनासं झालं.

त्याच सुमारास पल्लवीला बीबी गावचं स्थळ आलं. मी सरळ सांगते, मला ते स्थळ हवं होतं. ओलिताची जमीन, लोणारला खता-बियाणांचं दुकान, मुलगा दिसायला बरा, निर्व्यसनी. मुलीच्या आईला याहून काय लागतं? मंडळी आमच्याकडे येऊन पल्लवीला पाहून गेली, पसंती कळवली. आता आम्ही त्यांचं घर पाहायला जायचं राहिलं होतं. आमच्याकडे त्याची एक रीत आहे. घर पाहायला गेलं की चहा सगळेच पितात, चहाला अर्थ नाही. पण जेवणाच्या पाटावर बसून पहिला घास घेतला की सोयरीक ठरली. घास घेऊन मागे फिरता येत नाही. तोंडानं हो-नाही म्हणून कोणाला अवघडायला नको, म्हणून ही सोय. घरातली वडील म्हणून पहिला घास आत्याबाईंनी घ्यायचा होता.

बीबीचं घर चांगलंच होतं. दुमजली, स्वच्छ, दारात ट्रॅक्टर. स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता. मुलाची आई हसतमुख, बोलकी. थोरली सून पाणी घेऊन आली, वयानं पल्लवीहून फार मोठी नसावी.

"बस बाई जराशी," आत्याबाई तिला म्हणाल्या. "माहेर कोनतं तुहं?"

"अमडापूरचं हाये तिचं," मुलाची आई म्हणाली.

"हाव? किती शिकली व?"

"बारावी," तिचा नवरा म्हणाला. "पुढं शिकाचं तिचंच मन नव्हतं."

आत्याबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मला त्यांचा चेहरा ओळखीचा वाटला. तांब्याला टेकवलेल्या मोबाइलकडे पाहतानाचा चेहरा.

"बरं, हे सांग. तुले भाजी कोनती आवडते?"

मुलाची आई मनापासून हसली. "तिले काय, सारंच चालते! घरात होईन ते खाते बिचारी. तक्रार म्हनून नाही."

"तिले इचारलं म्या," आत्याबाई म्हणाल्या.

सुनेनं सासूकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला, हसली आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेली.

ताटं वाढली गेली. पाटांभोवती रांगोळी होती. आत्याबाई पाटाजवळ गेल्या, वाकून ताटाला नमस्कार केला आणि सरळ झाल्या. "अन्नाचा अपमान नाही बाप्पा. पन भूक नाही. आमाले निंगा लागते."

आम्ही गाडीत बसून परत निघालो. चिखली मागे पडल्यावर माझा बांध फुटला. "एका भाजीवरून सोन्यासारखं स्थळ घालवलं, आत्याबाई?"

"भाजी तं साधी गोष्ट होती. वांगं म्हनाचं नाहीतं भेंडी म्हनाचं. तेवढीबी तिच्या तोंडून येऊ देली नाही. उद्या मोठी गोष्ट आली तं?"

"मालिका पाहून डोकं फिरलं तुमचं!"

"मालिकेतली बाई शेवटच्या भागात तरी बोलते," त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "इथं शेवटचा भाग कोन पाह्यला?"

घरी पल्लवी दारातच उभी होती. आत्याबाईंनी चपलाही काढल्या नाहीत. "तुह्या मनात काय हाये व, पोरी?"

"तिच्या मनात काय असन," माझा नवरा म्हणाला. "आपन म्हनू ते."

"तू गप."

पल्लवी म्हणाली, "ते आले तेव्हा मी त्याला विचारलं होतं, दुकानात तुम्ही काय काय पाहता. त्याच्या आईनं सांगितलं. मग विचारलं, मी नोकरी केली तर चालेल का. तेही तिनंच सांगितलं. तो पोहे खात होता."

"मंग हे आधी काऊन नाही सांगतलं?" मी विचारलं.

"मला कोणी विचारलंच नाही."

गावात बोभाटा झाला. चिनी बायांच्या नादानं म्हातारीनं पोरीची सोयरीक मोडली, असं गिरणीवर माझ्या तोंडावर बोलून बायका गेल्या. त्यातल्या निम्म्या जणी आत्याबाईंचं समालोचन फुकट ऐकून गेलेल्या होत्या. मी काही दिवस घुश्शात होते. आत्याबाईंना त्याचा पत्ताही नव्हता. त्या मोबाइलवरच्या खोकल्याच्या पाठीमागे लागल्या होत्या. बीबीच्या त्या मुलाचं पुढे लग्न झालं. संसार सुखाचा चाललाय, असं ऐकते. असेलही. ते कोणाला विचारून कळलं, हे मात्र सांगणाऱ्याला सांगता आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आत्याबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आणलं. भेटायला येणारी माणसं खाटेजवळ उभी राहून विचारायची, "कसं वाटते आत्या?" आणि आम्ही सांगायचो, बरं आहे, झोप लागते, मऊ भात खातात. बोलायला त्यांना इतका वेळ लागायचा की थांबणं जमत नसे. माणसाला कामं असतात.

एकदा त्यांची नणंद आली होती. "वहिनी, काय खावं वाटते तुले?"

"भातच देतो," माझा नवरा म्हणाला. "वरण-भात," मी म्हणाले. "डॉक्टरनं पातळच सांगितलंय."

"सगळे चूप बसा," पल्लवी म्हणाली. "तिले इचारलं." कॉलेज शिकलेली पोर, घरात एरवी पुस्तकासारखं बोलायची. ती खाटेवर बसली आणि आत्याबाईंच्या तोंडाकडे पाहत राहिली.

आम्ही चूप बसलो. बाहेर गिरणीवर कोणी तरी दळणासाठी हाका मारत होतं. मी उठले नाही. आत्याबाईंचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. एका बाजूनं लाळ आली, पल्लवीनं पुसली, पण त्यांच्या वतीनं एकही शब्द टाकला नाही. फार वेळानं आवाज आला.

"मिर...ची."

मी पाट्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा वाटला. डॉक्टर काय म्हणाले असते ते मला माहीत होतं. त्यांनी नखाएवढा खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिखटाचं होतं. तांब्याला टेकवलेल्या मोबाइलवर एक राणी चहाचा पेला ओठांशी नेत होती. आत्याबाईंनी डाव्या हातानं तिला उडवून लावलं.

त्या पावसाळ्यात त्या गेल्या. ती कुंभाराच्या पोरीची मालिका अर्धवट राहिली. पुढे काय झालं ते पल्लवीनं पाहिलं नाही, मी तर नाहीच.

परवा चिखलीची मंडळी पल्लवीला पाहायला आली. आमच्या घरीही रीत तीच, ताटं वाढून घास घेतला की ठरलं. चहा झाला. पल्लवीची नोकरी आता बुलढाण्याला आहे. तिनं मुलाला विचारलं, "तुम्हाला भाजी कोणती आवडते?"

मुलाची आई पुढे सरसावली, "त्याले ना, माह्या हातची..."

"थांबा ताई," मी म्हणाले. "त्यायले इचारलं."

मुलगा गोंधळला. आईकडे पाहिलं, मग पल्लवीकडे पाहिलं. "कारलं," तो म्हणाला.

"कारलं?" आई थक्क झाली. "कवापासून?"

"पहिल्यापासूनच. घरात कोणी केलं नाही, मी पण बोललो नाही."

पल्लवी हसली नाही. बोलायला उशीर केलेल्या माणसाकडे आत्याबाई जशा पाहायच्या, तशी ती त्याच्याकडे पाहत होती. तिनं आणखी बरंच विचारलं. तो अडखळत, पण स्वतः बोलला.

स्वयंपाक तयार होता. मी आतल्या दारात उभी राहिले. "पल्लवी, ताटं वाढू का?"

माझ्या नवऱ्यानं तोंड उघडलं. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं मिटलं. आम्ही थांबलो.

"वाढ," ती म्हणाली.