दत्तूचं रक्त

माझी बायको हे न ऐकताच गेली. मुलांना तर कधीच सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

मी कोल्हापुरात एका तालमीचा वस्ताद होतो. आमच्यात एक समज फार जुना. बैठका मारून पैलवानाची लघवी काळपट झाली, की म्हणायचं, अंगातली उष्णता निघाली. थंडाई पाजायची आणि दुसऱ्या दिवशी बैठका वाढवायच्या. मीही तसाच घडलो. मला काही झालं नव्हतं — मग दुसऱ्याला का होईल?

दत्तू मुरगूडचा. कुस्त्यांचं मैदान तोंडावर आलं होतं. त्याची जोड मोठ्या पैलवानाशी ठरली होती, आणि पोस्टरवर त्याच्या नावाखाली माझं नाव होतं. तेव्हाच त्याची लघवी कोऱ्या चहासारखी झाली. यासीन त्याच्याच जोडीनं बैठका मारायचा, तो ठणठणीत. मला शंका आली. हो, आली होती. म्हणूनच तर दोघांचं रक्त शाहूपुरीत तपासून घेतलं.

डॉक्टरांनी मला एकट्यालाच आत बोलावलं. अति मेहनतीनं स्नायू तुटतात, त्यातलं एक प्रथिन रक्तात उतरतं — कुणाच्या थोडं, कुणाच्या बेसुमार, ज्याचं त्याचं शरीर. यासीनचं थोडंच होतं. दत्तूचं इतकं, की मूत्रपिंडं बंद पडतील. आजच मोठ्या दवाखान्यात न्या, म्हणाले.

बाहेर दोघं बाकावर बसले होते.

"काय म्हणालं डॉक्टर, वस्ताद?"

"उष्णता हाय. ताक पी, आन् उद्या पहाटे ये."

"तरी मी म्हटलंच हुतं की!" दत्तू हसला. यासीनला कोपर मारून म्हणाला, "तुझंच रक्त पानचट निघालं असंल, गड्या."

तो आला. मी बैठका कमी केल्या नाहीत. मैदानाआधीच तो आखाड्यात कोसळला आणि दवाखान्यातून परतला नाही.

एवढंच असतं तर — पण मी तिथं तरी थांबलो का? दवाखान्याच्या जिन्यात त्याच्या वडिलांनी विचारलं, असं कसं झालं? मी म्हणालो, "पोरं हल्ली बाहेरून इंजेक्शनं घेत्यात. आमाला सांगत न्हाईत." दत्तूचं नाव घेतलं नाही. गरजच पडली नाही. आठवड्याभरात सगळ्या तालमींत तेच बोललं जाऊ लागलं. यासीननं तालीम सोडली. जाताना माझ्याकडे पाहिलं.

दत्तूनं कधीच काही टोचून घेतलं नव्हतं. पानसुद्धा खात नव्हता.

परवा कसबा बावड्यात एका लग्नात त्याचे वडील भेटले. फार थकलेत. पोराचा फोटो त्यांनी घरात लावलेला नाही, हे माझ्या कानावर होतं. भर मांडवात ते माझ्या पायाशी वाकले.

"वस्ताद, माझ्या पोरानं तुमच्या तालमीला बट्टा लावला. पोटात घाला."

मी त्यांना दंडाला धरून उठवलं. म्हणालो, "जाऊ द्या. झालं ते झालं."