पाडवा शनिवारीही झाला असता

रेवतीचा फोन आला तेव्हा मी तिच्याकडेच ड्राइव्ह करत होते. आदल्या दिवशी डोंगरावर गेलेला तिचा नवरा रात्री परतलाच नव्हता. "मिलिंद सापडला गं..." एवढंच म्हणाली. मी वेड्यासारखी विचारत राहिले, "बरा आहे ना? कुठे लागलंय का?" पलीकडे नुसतं रडणं.

महिना उलटून गेला. लोक म्हणतात, राग हळूहळू मावळतो. माझा काही मावळत नाहीये. मिलिंद माझा पुण्याच्या कॉलेजातला मित्र, आमच्या ट्रेकिंग ग्रुपचा म्होरक्या. पुढे दोघंही नोकरीसाठी अमेरिकेत, रेडमंडला येऊन पडलो. इथे आपले सगळे सण शनिवारी होतात. संक्रांत शनिवारी, गणपती शनिवारी, दिवाळी तर हॉल मिळेल त्या शनिवारी. मिलिंदला याचा भयंकर संताप. "अगं, सण म्हणजे काय डेंटिस्टची अपॉइंटमेंट आहे, रीशेड्यूल करायला?" म्हणून हा पठ्ठ्या दरवर्षी पाडव्याच्या दिवशीच रजा टाकून डोंगर चढायचा. ट्रेकिंगच्या काठीला खणाचं कापड, साखरेची गाठी आणि वर आईनं दिलेला छोटा तांब्या. माथ्यावर गुढी उभारायची, फोटो पाठवायचा आणि उतरायचं. आम्ही आपले ऑफिसात बसून त्या फोटोला लाइकचे अंगठे टाकायचो.

यंदा पाडवा आला भर आठवड्यात. खाली चेरी फुललेली, लोक अर्ध्या बाह्यांत फिरतायत. पण ट्रेलच्या वेबसाइटवर स्वच्छ लिहिलं होतं : सावलीतल्या वळणांवर अजून टणक बर्फ, वरच्या धारेवर जोराचा वारा, बुटांना स्पाइक्स लावल्याशिवाय जाऊ नका. मी लगेच फोन केला.

"शनिवारी जा ना रे. वारा पडेल, आम्हीही सगळे येतो."

"शनिवारी पाडवा नाहीये, बाईसाहेब."

"मग निदान स्पाइक्स तरी लाव!"

"घेतलेत गं. तूच दिलेस ना वाढदिवसाला? सॅकमध्येच आहेत."

सॅकमध्येच होते! रेंजरनी सॅक आणून दिली, तेव्हा स्पाइक्सचा टॅगसुद्धा निघाला नव्हता. गुढी मात्र त्यानं उभारली होती. फोटो आला होता, कापड वाऱ्यानं पार आडवं झालेलं आणि हा दात काढून हसतोय. उतरताना सावलीतल्या बर्फावरून पाय सटकला. सह्याद्रीतल्या ओल्या कातळावर कधी घसरलो नाही, ही त्याची मिजास. अरे, पण तो कातळ होता, हा बर्फ आहे, किती वेळा कानीकपाळी ओरडले मी! दोन मिनिटं लागतात रे ते चढवायला... तेवढी नव्हती तुझ्याकडे?

परवा रेवतीकडे गेले. तांब्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी ठेवलाय, एका बाजूनं चांगलाच चेपलेला. रेवती त्यानंच कुंडीतल्या तुळशीला पाणी घालते. त्यांची लेक ईरा चेपलेल्या जागेवरून बोट फिरवत बसली होती. एकदम म्हणाली, "मावशी, नेक्स्ट टाइम कॅन वी डू इट ऑन अ सॅटर्डे?"

रेवतीनं माझ्याकडे पाहिलं. मी ईराला जवळ ओढलं.

"शनिवारीच करू, बाळा," मी म्हटलं. "इथेच, अंगणात. सगळे मिळून."

आणि मिलिंद, तुला नसेल पटत, तर ये. ये आणि भांड माझ्याशी.