कुमुदताईंची पेन्सिलीची ओळ

कुमुदताई अंबर्डेकर यांची आणि माझी पहिली ओळख माझ्या फजितीने झाली. मी नुकताच बदली होऊन दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबादला राहायला आलो होतो. मराठी मंडळाच्या छोट्या हॉलमध्ये दर महिन्याच्या एका रविवारी दुपारी ताई ‘नवलाचा तास’ घेत. इतिहास, विज्ञान, खाणंपिणं, कशातलंही नवल त्यांना वर्ज्य नसे. नवा माणूस, जरा शहाणपणा दाखवावा म्हणून मी उठून म्हणालो, “चीनची भिंत चंद्रावरून दिसते.”

“अच्छा! कोणी पाहिली?” ताईंनी विचारलं.

चंद्रावर जाऊन आलेल्यांना ती दिसली नव्हती, हे ताईंनी शांतपणे सांगितलं आणि मला चहा दिला. ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरव अंकात त्यांच्या व्यासंगावर लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत. मला त्यांच्याविषयी आधी भीती वाटली, मग आदर, आणि भीती काही गेली नाही.

ताई सरकारी ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. प्रत्येक नवल त्या एका कार्डावर लिहीत. दोन ठिकाणी खात्री पटली की शाईने, तोवर पेन्सिलीने. पेन्सिलीतलं मंचावरून वाचायचं नाही, हा त्यांनी मंडळाला घालून दिलेला अलिखित कायदा होता. एकदा त्यांनी सांगितलं, की साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणे आणि मिरची, तिन्ही मूळची अमेरिका खंडातली. ऐन चतुर्थीला हे ऐकून मंडळातले जोशीकाका भडकले. “म्हणजे इतकी वर्षं आम्ही उपासाला परदेशी खात होतो? हद्द झाली यार!” ताई म्हणाल्या, “उपास कुठे मोडला, काका? खिचडी खा, गार होतेय.” शाईचं कार्ड होतं, काकांना खिचडी खावी लागली.

आता जे लिहायचं, ते टाळता आलं असतं तर बरं झालं असतं. लष्करी छावणीतल्या मराठी कुटुंबांनी आम्हांला एकदा हा तास घ्यायला बोलावलं. नेमका ताईंचा घसा बसला होता. कार्डं माझ्या हातात देऊन त्यांनी मला पाठवलं. मी हरभऱ्याच्या झाडावर! एक कार्ड मधाचं होतं: नीट झाकून ठेवलेला मध वर्षानुवर्षं टिकतो. खाली पेन्सिलीची ओळ होती: ‘वर्षाच्या आतल्या बाळांना देऊ नये, असं एके ठिकाणी वाचलं. दुसरा पुरावा शोधणे.’ पेन्सिल म्हणून ती ओळ मी नियमाप्रमाणे गाळली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण समोर हवालदाराची बायको मंगल दीड महिन्याचं बाळ मांडीवर घेऊन बसली होती. तिच्याकडे पाहून मी पदरचं वाक्य घातलं, “इतका शुद्ध पदार्थ तान्ह्या बाळालाही निर्धास्त चाटवावा!” टाळ्या पडल्या.

चार दिवसांनी मी हा पराक्रम ताईंना सांगितला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. “चपला घाला,” एवढंच त्या म्हणाल्या. वाटेत त्यांनी ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना गाठलं. पेन्सिलीची ओळ खरी निघाली. मधात क्वचित असे जंतू असतात, की तान्ह्या बाळाचं अंग त्यांच्या विषाने लुळं पडतं. लक्षणं दिसायला महिनाही लागू शकतो.

मंगल हसतमुखाने दारात आली. “साहेब, तुम्ही सांगितलंत ना, रोज बोटभर चाटवतेय.”

ताईंनी तिला सगळं सांगितलं. माझ्याकडे बोट न दाखवता, “आमच्याकडून चूक झाली,” असं म्हणाल्या. मंगल रडली नाही. तिने बाळाला नुसतं घट्ट धरलं. बाळाला तपासून घेतलं, आणि मग महिनाभर रोज, माझं ऑफिस सुटलं की आम्ही दोघं बस बदलत छावणीत जात होतो. दूध ओढतं का, रडण्यात जोर आहे का, शी होते का, हे ताई विचारत आणि मी भिंतीकडे पाहत उभा राहत असे. त्या बाळाचं रडणं ऐकू आलं नाही, तर जिना चढायचं मला धैर्य होत नसे. एकदा ते दूधच ओढेना. ताईंनी मंगलसह रिक्षा पकडून दवाखाना गाठला. सर्दीने नाक चोंदलं होतं, एवढंच. ताई बाकावर बसल्या आणि पदराने डोळे पुसत राहिल्या. त्यांनाही भीती वाटत होती, हे मला त्या दिवशी कळलं.

महिना सरला. बाळ सुखरूप राहिलं. मला वाटलं, सुटलो. ताई म्हणाल्या, “आता छावणीत जाऊन माईकवरून सांगा. ज्या तोंडाने चुकीचं सांगितलंत, त्याच तोंडाने.” मी सांगितलं. मग त्या स्वतः उठल्या. “अर्धी चूक माझ्या नियमाची आहे. ज्याने कुणाला इजा होईल अशी शंका असेल, ती पेन्सिलीतली ओळही यापुढे आधी वाचायची.” आपलाच कायदा चारचौघांत मोडणारं असं माणूस मी दिल्लीत दुसरं पाहिलं नाही, आणि ही तर कायदे करणाऱ्यांची नगरी.

गेल्या वर्षापासून ताईंनी हा तास माझ्यावर सोपवला आहे. त्या पहिल्या रांगेत बसतात. बोलण्याआधी मी सभागृहभर नजर फिरवतो, कोणी लहान मूल घेऊन आलं आहे का ते पाहतो. मग ताईंकडे पाहतो आणि जेवढं ठाऊक आहे तेवढंच बोलतो.

ताई, तुम्हांला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. यात माझा स्वार्थ आहे. तुम्ही समोर नसलात, तर एखाद्या रविवारी बोलताना मला भीती वाटेनाशी होईल, आणि मला सगळ्यांत जास्त भीती त्याचीच वाटते.