अण्णासाहेबांना मुंबई दाखवली, त्याची गोष्ट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात तर मी सांगायचा थांबेन. आणि एक आधीच बजावून ठेवतो, फजिती झाली हे मला कबूल, पण चूक माझी नव्हती. तेव्हाही नव्हती, आजही नाही. घ्या, चहा घ्या.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. मुंबई कोणाची, यावर दिल्लीपासून दादरच्या भाजीबाजारापर्यंत सगळे भांडत होते. मी दादरला राहायचो, फोर्टात नोकरी करायचो आणि नलूशी लग्न करायचं म्हणत होतो. नलू आमच्याच भागातल्या शाळेत शिकवायची, मामाकडे राहायची. तिचे वडील अण्णासाहेब पुण्याला. इतिहासाचे निवृत्त मास्तर.

अण्णासाहेब सुधारक माणूस. जात बघितली नाही, पत्रिका मागितली नाही, पगारही विचारला नाही. मग अडलं कुठे? तर गावात! मला समोर बसवून अगदी शांतपणे म्हणाले, "तुमच्यात काही दोष नाही हो. पण मुंबईला इतिहास नाही. इंग्रजांनी भर टाकून उभं केलेलं गाव. अशा ठिकाणी मुलगी द्यायला मन घेत नाही."

ऐकताय ना? तिकडे दिल्ली म्हणत होती, मुंबई तुमची नाही. इकडे हे म्हणत होते, मुंबई मुळात काही नाहीच. आमचे पूर्वज सहा-सातशे वर्षांपूर्वी बिंबराजाबरोबर इथे आले असं आमच्या घरात सांगतात. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका. मी म्हटलं, येत्या रविवारी सकाळी माझ्याबरोबर नुसते चाला. इंग्रजांच्या आधीची मुंबई दाखवतो. नाही पटली तर नलूचं नाव काढणार नाही.

नलूने मागून माझा शर्ट ओढला. पण तोवर शब्द तोंडातून गेला होता.

रविवारी अण्णासाहेब आले ते एकटे नाही. साक्षीदार म्हणून पुण्याचे त्यांचे इतिहासप्रेमी मित्रही घेऊन आले. सगळे सत्तरीच्या आसपासचे. काळ्या टोप्या, धोतरं, हातात छत्र्या. त्यातल्या दोघांना धड दिसत नव्हतं. मुंबईच्या गर्दीत एक जरी हरवला असता तर लग्न राहिलं बाजूला, माझं तेरावंच झालं असतं. म्हणून मी युक्ती केली. गणपतीच्या मखराचं भगवं कापड काठीला बांधलं आणि मंडळींना सांगितलं, या कापडावर नजर ठेवा आणि मागोमाग या.

आई म्हणाली, अरे, जमावबंदी आहे, पाचजण एकत्र दिसले की पोलीस उचलतात. मी म्हटलं, इतिहासाला कसली आलीय जमावबंदी? चला!

पहिलं दाखवलं प्रभादेवीचं देऊळ. बिंबराजापासून सुरुवात केली. पोर्तुगीजांच्या भीतीने मूर्ती विहिरीत कशी दडवली, पुढे ती कशी वर आली, सगळं घडाघडा सांगितलं. अण्णासाहेबांनी एकच शब्द उच्चारला, "पुरावा?" लोक असं सांगतात, असं मी चाचरत म्हटलं. त्यांनी मित्रांकडे बघून मान हलवली. अर्धी नलू तिथेच हातची गेली.

पण माझा हुकमाचा पत्ता परळला होता. पूल ओलांडून आम्ही गिरणगावात शिरलो. रविवार, गिरण्या बंद, सगळं परळ चाळींच्या गॅलऱ्यांत उभं. त्यांना वरून काय दिसलं? पुढे भगवं कापड उंचावून मी, आणि मागे काळ्या टोप्यांची गंभीर मंडळी. कोणीतरी आमच्यातल्या शेवटच्या आजोबांना विचारलं, कुठून आलात? ते खरं बोलणारे गृहस्थ. म्हणाले, पुण्याहून.

झालं. वरच्या माळ्यावरून एका बाईने हाक दिली, "गो, पुण्यासून पुढारी इले हत! हार घेवन ये!" मला हाक स्पष्ट ऐकू आली. पण मला वाटलं, आले असतील कोणीतरी, आपल्याला काय!

माणसं मागे लागू लागली. मी वळून बघितलं आणि मन भरून आलं. परळकरांना इतिहासाची इतकी गोडी असेल असं वाटलं नव्हतं. मी आवाज चढवला, तशी माणसं आणखी वाढली. नलूही वडिलांबरोबर आली होती, ती सगळ्यात मागे होती. ती गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आली आणि म्हणाली, अहो, जरा ऐका. मी तोऱ्यात सांगितलं, "शंका शेवटी." थोड्या वेळाने पुन्हा आली. "शंका शेवटी, नलू." तिसऱ्यांदा ती आलीच नाही.

एका चाळीसमोर बायकांनी अण्णासाहेबांना ओवाळलं, गळ्यात झेंडूचा हार घातला. अण्णासाहेब विरघळले हो. मला म्हणाले, पुण्यात जन्मभर शिकवलं, कोणी साधं ओवाळलं नाही, तुमच्या परळात विद्वत्तेची कदर आहे. आता खरं सांगतो, एव्हाना मला संशय आला होता. मागून 'झालाच पाहिजे, झालाच पाहिजे' कानावर येत होतं. पण सासरा हसत होता! त्याला काय सांगू, की हा हार तुमच्या विद्वत्तेचा नाही म्हणून? तुम्ही सांगितलं असतंत? उगाच माना हलवू नका.

बारादेवीच्या देवळाशी पोचलो. जोडे बाहेर काढून आत गेलो. रस्ता खोदताना सापडलेली शंकराची शिळा तिथे आहे. दोन पुरुष उंच, अखंड दगड, एका शिवातून दुसरा शिव वर आलेला, आजूबाजूलाही शिवच. घारापुरीच्या लेण्यांच्या काळची. अण्णासाहेबांनी बघितलं, चष्मा काढून पुसला, परत बघितलं. पुरावा मागितला नाही. हळूच म्हणाले, "आणि हे परळात?"

मला रडूच यायचं बाकी होतं. नलू मिळाली!

बाहेर आलो तर मुंगी शिरायला जागा नाही. आणि मी तर जिंकलेला माणूस. चढलो पायरीवर आणि आरशासमोर पाठ केलेला समारोप ठोकून दिला. इंग्रज यायच्या हजार वर्षं आधी इथे छिन्नी चालत होती, आता तुम्हीच सांगा, मुंबई कोणाची? अशी आरोळी उठली म्हणता! त्या गदारोळात पोलिसांची गाडी कधी आली ते कळलंच नाही.

इन्स्पेक्टर मराठीच होता. त्याने मला पायरीवरून खाली ओढलं. या वयात अण्णासाहेबांना तुरुंग दाखवला तर मला कोण मुलगी देणार? मी हात जोडले, गयावया केली. म्हटलं, साहेब, हा मोर्चा नव्हेच, ही सहल आहे. पुण्याची मंडळी इतिहास बघायला आलीत, मी नुसता वाट दाखवणारा. तो भला माणूस होता. म्हणाला, ठीक आहे, सहलवाले बाजूला व्हा आणि घरी जा.

तिथे संपलं असतं हो सगळं! पण जाता जाता तो अण्णासाहेबांकडे बघून हसला. "काय आजोबा, मुंबईला कसला इतिहास? इंग्रजांनी वसवलेलं गाव हे."

अण्णासाहेब थांबले. मला हेच ऐकवणारा माणूस! पण आपण म्हटलं ते वेगळं, तेच दुसरा म्हणाला की पुण्याचा माणूस लगेच उलट बाजू घेतो. त्यांनी गळ्यातला हार सारखा केला, छत्री जमिनीवर आपटली आणि म्हणाले, "आधी आत जाऊन बघून या, मग बोला. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" आणि तसेच अनवाणी गाडीत चढून बसले.

त्यांच्यामागे त्यांचे मित्र चढले. त्यांच्यामागे नलू चढली. मीही पाय टाकला, तर इन्स्पेक्टरने दंडाला धरलं.

"तू नाही. तू वाट दाखवणारा. घरी जा."

मी घोषणा दिल्या, कापड नाचवलं, इन्स्पेक्टरशी हुज्जत घातली. इतिहास गेला खड्ड्यात, हा मोर्चाच आहे आणि मीच काढलाय, असं घसा फोडून सांगितलं. कोणी ऐकेना. गाडी निघून गेली. पायरीशी सगळ्यांचे जोडे तेवढे राहिले. काठीचं कापड सोडलं, त्यात जोडे बांधले आणि गाठोडं घेऊन घरी आलो. आईने विचारलं, बाकीचे कुठे? म्हटलं, तुरुंगात. आणि तू? मी म्हटलं, जेवायला वाढ.

ते सुटले त्या दिवशी तुरुंगाच्या दाराशी हार, गुलाल, ही तोबा गर्दी! मी गाठोडं घेऊन एका कडेला उभा. हसा तुम्ही. पण माझा रोकडा सवाल आहे, गर्दी जमवली कोणी? भाषण ठोकलं कोणी? परळला मोर्चा काढणारा मी, आणि गुलाल त्यांना!

अण्णासाहेब समोर आले. मी जोडे पुढे ठेवले, त्यांनी पायात घातले. नलू माझ्याकडे बघत नव्हती. मी छाती पुढे काढून विचारलं, मग आमच्या लग्नाचं काय?

अण्णासाहेबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मुलगी मुंबईत द्यायला आता माझी हरकत नाही," ते म्हणाले. "गावाला इतिहास आहे. मुलाला नसला तरी चालेल."