बाबांच्या गोळ्या आणि शेंदेलोण

आमचा वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. सेलूच्या बाजारात आमच्या मळ्यातली वांगी आणि मेथी जायची, आणि विहिरीवर मोट बाबा हाकायचे. हाकता हाकता मायची थट्टा चालू. "तुही भाकर पाहूनच बैल पळून राह्यले," असं ते ओरडून सांगत आणि माय खोटं खोटं रागावे. माझ्या लहानपणाचा आवाज कोणता, असं कुणी विचारलं तर मी तोच सांगेन.

एका सकाळी ते विहिरीच्या काठावरच बसले. जमीन फिरते आहे म्हणाले, डाव्या कानात भुंगा शिरलाय म्हणाले. ओकून ओकून पार पिळून निघाले. पुढे हे वरचेवर होऊ लागलं. कुणी बाधा म्हटलं, कुणी पित्त. शेवटी मोटारीनं वर्ध्याला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, तोल सांभाळणारा भाग कानाच्या आत असतो, तोच बिघडला आहे. त्यांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या. "हे वर्षानुवर्षांचं औषध आहे, एक दिवसही चुकवायचं नाही. आणि बाई, मीठ बंद."

मायनं दोन्ही गोष्टी देवाची आज्ञा मानल्या. बाबांची भाजी ती वेगळ्या भांड्यात शिजवू लागली. पण अळणी भाजीचा पहिला घास त्यांच्या तोंडात नुसता फिरत राहिला, ते तिला पाहवेना. दुसऱ्या दिवसापासून ती त्यात शेंदेलोण, म्हणजे सैंधव, घालू लागली. उपासाला मीठ चालत नाही, शेंदेलोण चालतं. तेव्हा ते मीठ नाहीच, यात आमच्याकडे कुणाला शंका नव्हती. मलाही कधी आली नाही.

गोळ्यांनी चक्कर दबायची, जायची नाही. मग डॉक्टर गोळी वाढवायचे. बाबा दिवसभर पेंगू लागले, मोट गड्याच्या हाती गेली. जेवताना घास हातात धरून त्यांना झोप लागे, आणि माय मनगट धरून तो त्यांच्या तोंडाशी नेई. एकदा कंटाळून त्यांनी गोळ्या सोडल्या, तर खाटेची कड घट्ट पकडून "मले धरा, मी पडून राह्यलो" म्हणत राहिले. खाटेवर आडवा झालेला माणूस पडायला भीत होता. पुन्हा गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू डावा कान बहिरा झाला, मग उजवाही गेला. थट्टा कधी थांबली ते आमच्या लक्षातही आलं नाही.

मला त्या गोळ्यांचा फार राग यायचा. चक्कर परवडली, पण आमचा माणूस परत द्या, असं वाटायचं.

जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच सुमारास दवाखान्यात नवे डॉक्टर आले. त्यांनी गोळ्या पाहिल्या, पेंगणारे बाबा पाहिले आणि यांना जेवायला काय देता, असं मायला विचारलं. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. ती अभिमानानं म्हणाली, "मिठाचा खडा नाई टाकला साहेब. निस्तं शेंदेलोन टाकतो मी."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. "बाई, तेही मीठच," म्हणाले. मग तिचा चेहरा पाहून घाईनं म्हणाले, "त्यानंच झालं असं नाही. हा रोगच हट्टी आहे." तेवढं तिनं ऐकलं नाही. मला आजही राग येतो तो पहिल्या डॉक्टरांचा. गोळ्या वाढवताना चुलीवर काय शिजतं एवढं विचारायला त्यांचं काय जात होतं?

त्या संध्याकाळी तिनं अळणी भाजी वाढली आणि बाबांसमोर बसून राहिली. तिला सांगायचं होतं. पण बाबांना काही सांगायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागे, आणि ओरडलं की अख्खा मोहल्ला ऐके. असली गोष्ट ओरडून कशी सांगणार?

बाबांनी घास चघळला. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेची पुसट खूण दिसली.

"शेंदेलोन टाकाले इसरली वाटते आज," ते म्हणाले.

मायनं मान हलवली. हो, विसरले, अशी.