माझा प्रबंध आणि नाशिकच्या कवळ्या

नाशिकच्या डेंटल कॉलेजात, कवळी विभागात एमडीएस केलेले आम्ही तिघं अजूनही भेटतो. प्रबंधाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पेशंट मात्र आठवतात, आणि एकाचा विषय निघाला की चहा गार होतो.

नव्वदच्या दशकाचा शेवट. नव्या कवळीने माणूस चावतो किती, हा माझा विषय. टेस्ट सोपी होती. पेशंटने शेंगदाणे चावून वाटीत थुंकायचे, मग आम्ही तो चुरा चाळायचा. देवळ्याच्या एका आजोबांनी दाणे चावले आणि गिळले. पुन्हा दिले, पुन्हा गिळले. मी जरा कडक बोललो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

"डॉक्टर, दाणा चांगला शे. थुकू कसाले?"

उच्चार तपासायला आम्ही साठपासून सत्तरपर्यंत मोजायला सांगायचो. एका निवृत्त गुरुजींना नमुना म्हणून मीच आधी मोजून दाखवलं. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "अडसठ नाही, अडुसष्ट. तुमचे तर स्वतःचे दात आहेत."

मग आमच्या गाईड मॅडम म्हणाल्या, आता सगळीकडे पेशंटच्या समाधानावर अभ्यास चाललाय, तुम्हीही विचारा. गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, फुलं विकणाऱ्या ताराबाईंना विचारलं. कवळी टोचत नव्हती, सैल होत नव्हती, कसलीच तक्रार नव्हती. मी खूश. सहज विचारलं, दिवसातून किती वेळ घालता?

"घालते कुठं? डब्यात हाय. नातीच्या लग्नात काढीन."

त्र्यंबकचे गणपतराव लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. दात गेले आणि त्यांच्या हातात झांजा आल्या. हे सांगताना ते खाली बघायचे. आमची कवळी घालून ते जेवायचे उत्तम, पण फुंकर मारली की वरची कवळी निसटायची. कुठल्याही जर्नलमध्ये उत्तर सापडेना. शेवटी मॅडमनी त्यांना वाद्य घेऊनच बोलावलं. ते ओठाला क्लॅरिनेट लावणार आणि मी नव्या कवळीचे मेणात बसवलेले पुढचे दात जरा जरा सरकवणार, असं किती तरी वेळ चाललं.

तयार कवळी घालून त्यांनी ओपीडीतच सूर लावला. मग वरातीचं अख्खं गाणं. कवळी जागची हलली नाही. गणपतरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण वाजवणं थांबेना.

शेजारच्या खुर्चीत इगतपुरीचे एक रिटायर्ड रेल्वेवाले काका होते. माप घ्यायला त्यांच्या तोंडात ठसा उमटवायच्या मऊ मसाल्याचा ट्रे बसवला होता आणि अजिबात हलू नका, असं मॅडमनी बजावलं होतं. आधी त्यांचा पाय हलू लागला, मग खांदे. शेवटी ते उठून ट्रेसकट नाचायलाच लागले.

गाणं संपल्यावर मॅडमनी ट्रे काढला. माप पार बिघडलं होतं. काकांनी तोंड पुसलं आणि निमूट खुर्चीत बसले.

"पुन्हा घ्या माप," ते म्हणाले. "आणि यांनाही पुन्हा वाजवायला सांगा."